न जळणारी तार

कापडगिरण्यांच्या बमरोलीतल्या आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. हिलालभाऊंच्या खोलीसमोर बायका एकमेकींच्या खांद्यावरून माना उंचावून आत बघत होत्या, आणि पहिल्या पाळीवरून आलेले मिलवाले डबे हातात घेऊन तसेच उभे होते. आत दीपनाथ महाराज नावाचे एक गृहस्थ मीटरखालच्या फ्यूजला कुंकू लावत होते. फ्यूजला कुंकू लावताना मी पहिल्यांदाच कुणाला बघत होते.

"जुओ, बघा माउली!" महाराजांनी लाल दोरा गुंडाळलेली तार उंच धरली. "तुमची तार रोज मरते की नाही? क्यों मरते? कारण घरात कुणाची तरी नजर आहे. ही मंतरलेली तार आहे. ये कभी नहीं मरेगी."

तार फ्यूजमध्ये बसली. महाराजांनी डोळे मिटून हुंकार दिला. मेन स्विच वर करायला मात्र हिलालभाऊंच्या मुलाला, लखनलाच पुढे व्हावं लागलं. फ्रिज, कूलर, टीव्ही, इस्त्री, मोरीतला पाणी तापवायचा रॉड, सगळं एकदम सुरू झालं आणि लाइट टिकली. गल्लीनं जयजयकार केला.

'नजर' कुणाची, हे नाव घेऊन सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यात लखनचं लग्न झालं आणि पारोळ्याहून वर्षा सून म्हणून आली. तेव्हापासून घरातली लाइट रोज जात होती. वर्षानं इस्त्रीचं बटण दाबलं की अंधार, रॉड लावला की अंधार. एकोणीस वर्षांची मुलगी बटणाला हात लावायला घाबरत होती. महाराजांनी उपाय सांगितला की रोज सकाळची आरती होईपर्यंत तिला आतल्या खोलीत बसवायचं आणि बाहेरून कडी लावायची.

मी समोरच राहते आणि जवळच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. गर्दी पांगल्यावर मी सरलाबाईंकडे, म्हणजे वर्षाच्या सासूकडे गेले.

"सरलाबाई, ती तार आत्ताच्या आत्ता काढा. रॉड दीड हजार वॅटचा, इस्त्री हजाराची, बाकी सगळं मिळून पाचशे. झाले तीन हजार. त्याला दोनशे तीसनं भागलं की तेरा अँपिअर येतात. तुमची भिंतीवरची वायर जुनी, एका बल्बसाठी आणि एका पंख्यासाठी टाकलेली. ती पाच-सहा अँपिअरची आहे. ती तापणार."

"मॅडम, तुम्ही शाळामा शिकाडा," सरलाबाई थंडपणे म्हणाल्या. "हाई देवनं काम शे. आते समदं एकसाथ चालू शे, तरीबी लाइट नही गई."

"लाइट जात नाही, हीच तर भीती आहे."

लखन भिंतीवरच्या त्या वायरीकडे बघत होता. त्याला पटत होतं, पण आईनं बघताच तो बाहेर निघून गेला. मी कडीचा विषय काढला तेव्हा हिलालभाऊंनी सरळ सांगितलं, "आमना घरनं आम्ही देखी लेसूत." तोवर महाराजांची तार गल्लीतल्या निम्म्या घरांत पोहोचली होती.

आठवडाही उलटला नाही. सकाळची वेळ होती. रॉड चालू, इस्त्री चालू, कूलर चालू, आणि आरतीची घंटा वाजत होती. मला रबर जळल्याचा वास आला. मागोमाग आतल्या खोलीतून आवाज आला, "आई, दार उघाडा! दार उघाडा माय!"

पण घरातल्यांना घंटेपुढे ते ऐकूच आलं नाही. मी धावत जाऊन लखनला ओढलं. त्यानं मेन पाडला, कडी काढली. आतल्या खोलीच्या दारावरून गेलेली वायर पेटली होती आणि तिचं वितळलेलं रबर खाली ठेवलेल्या साड्यांवर ठिबकलं होतं. सरलाबाई कापड मार्केटमधून मजुरीवर टिकल्या लावायला आणत, त्याच त्या पॉलिस्टरच्या साड्या. असलं कापड जळताना वितळतं आणि कातडीला चिकटतं. वर्षानं ती आग हातांनी विझवली होती. दुसरं तिथं काहीच नव्हतं.

तिला हॉस्पिटलमध्ये भरती केलं, आणि दुसऱ्या दिवशी महाराज पुन्हा गल्लीत हजर!

"बघितलं? आत कोंडली तर पेटून उठली. आता ती या घराचा उंबरा ओलांडता कामा नये."

बायकांच्या माना हलायला लागल्या. मला संताप आला. मी गल्लीतल्या सुकलालच्या रिक्षाची बॅटरी आणली. हिलालभाऊंच्या भिंतीवरच्या जुन्या वायरीचा एक न जळलेला तुकडा घेतला आणि ओट्यावर सगळं मांडलं. आधी वायरीला दुकानातली बारीक फ्यूजची तार जोडली आणि बॅटरीला लावली. चर्र झालं आणि बारीक तार तुटली.

"सरलाबाई, वायरीला हात लावा."

त्यांनी लावला. "गार शे."

मग हिलालभाऊंच्या फ्यूजमधून काढलेल्या महाराजांच्या तारेवरचा लाल दोरा मी सोडला आणि ती तार जोडली. ती जागची हलली नाही. वायरच धुमसायला लागली, रबराचा थेंब ओट्यावर पडला, आणि तोच वास आला. तो वास सगळ्यांनी ओळखला.

"बॅटरीची वीज वेगळी, घरातली वेगळी," महाराज म्हणाले.

"मग धरा ही वायर हातात. तुमचा तर मंत्र आहे."

महाराज मागे सरकले. लखननं वाकून दोऱ्यातून निघालेली तार बघितली. त्याचं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर चाललंय. "अरे, ही तर मोटारच्या वाइंडिंगची जाड तांब्याची तार! आमच्या लूमखात्यात भंगारात पडलेली असते." तो महाराजांकडे वळला तेव्हा महाराजांनी मोटरसायकलला किक मारली होती. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार आम्ही केली आहे.

"फ्यूजची तार मुद्दाम कच्ची असते," मी म्हणाले. "भार वाढला की ती स्वतः जळते आणि घर वाचवते. तुमची तार रोज हेच सांगत होती. तुम्ही तिचं तोंड बंद केलंत."

"मंग हाई सून ऊनी तैपाईनच लाइट कशी जाये?" सरलाबाईंनी विचारलं.

"कारण तिच्याबरोबर फ्रिज आला, कूलर आला, इस्त्री आली, रॉड आला. ते लग्नात तुम्ही मागितलं होतं, सरलाबाई. तिनं नव्हतं मागितलं."

सरलाबाई ओट्यावर खाली बसल्या. घरोघरची माणसं मंतरलेली तार काढून फ्यूजची साधी तार बसवायला पळाली. त्या संध्याकाळी गल्लीत बऱ्याच घरांची लाइट गेली, आणि लोकांनी इस्त्री नाहीतर रॉड बंद करून पुन्हा आणली.

वर्षाची उजव्या हाताची बोटं आता वळत नाहीत. तिचे वडील तिला पारोळ्याला घेऊन गेले. लखन दर महिन्याला जातो, पण ती परत यायला तयार नाही, आणि मी तिला ये म्हणणारही नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. प्रत्येक उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करा, दोनशे तीसनं भागा, आणि आपली वायर किती अँपिअरची आहे ते जाणकाराला विचारा. आणि लाइट गेली की घरात काय काय चालू आहे ते आधी बघा. घरात नवीन कोण आलंय, ते बघू नका.