पुढचे शब्द

अब्बा मधेच थांबले. पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या त्यांच्या मुलीला वाटलं, धाप लागली असेल. पण त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागी अडकले. तिनं दारातून डोकावलं. गुडघे गेल्यापासून ते खुर्चीवर बसूनच नमाज पढायचे. हात बांधलेले, नजर खाली आणि ओठ नुसतेच हलत होते. जन्मभर रोज पाचही वेळा म्हटलेले शब्द त्यांना सापडत नव्हते.

तिनं पुढचे शब्द हळूच उच्चारले. अब्बांनी ते उचलले आणि नमाज पुरी केली.

"तुला अजून पाठ आहे?" त्यांनी नंतर विचारलं.

"तुम्हीच करून घेतलं होतंत. चुकलं की पेन्सिल टोचायचात."

"टोचायचो नाही. नुसती लावायचो."

तिनं स्वतः नमाज सोडून बरीच वर्षं झाली होती. कॉलेजात असताना एकदा तिनं सरळ सांगून टाकलं होतं, "अब्बा, मला नाही पटत. तिकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही." तेव्हा हयात असलेल्या आईनं डोळ्यांना ओढणी लावली. अब्बा म्हणाले, "मग उगाच वाकू नकोस. खोटी नमाज माझ्या घरात नको. विचार करणं मात्र सोडू नकोस. ते तर त्यानंच सांगितलंय."

तेव्हापासून दोघांचा जो वाद सुरू झाला, तो काही मिटला नाही. अब्बांचं चष्म्याचं दुकान होतं, काचा ते स्वतः घासायचे. साहजिकच त्यांचा लाडका मुद्दा डोळ्याचा. "एवढं नाजूक यंत्र आपोआप तयार होतं होय?" ती लॅबमध्ये रक्त तपासायची, मुद्दा सोडणारी नव्हती. "इतकं झकास बनवलंय, तर तुमचं दुकान कशावर चाललं?" अब्बा इतके हसले की हातातला चहा लेंग्यावर सांडला. पुढे कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांना सांगत बसायचे, "आमची वकीलबाई काय म्हणते, ऐका."

नवरा गेल्यावर ती माहेरी राहायला आली, तेव्हाही वाद चालूच राहिला. फक्त एक मुद्दा अब्बांनी कधी काढला नाही. त्या मरणात वरच्याची काही मर्जी असेल, असं ते तिला एकदाही म्हणाले नाहीत.

आता डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवून सांगितलं होतं की विसरणं वाढतच जाणार. तिला ते सांगायची गरज नव्हती. फोटो तिनं आधीच पाहिले होते.

धाकटा भाऊ मागच्याच गल्लीत राहायचा. एक दिवस तो आला आणि बसायच्या आधीच बोलला, "आपा, हे बरोबर नाही. नमाजात नसलेल्यानं बाहेरून सांगायचं नसतं. त्यात तू..."

"त्यात मी मानत नाही. बोल की."

"मला भांडायचं नाहीये. पण ते अडकतात, घाबरतात. काल रडले म्हणालीस ना? मी मौलवीसाहेबांना विचारलं. ज्याची अक्कल जागेवर नाही, त्याच्यावर नमाज फर्जच नसते. माफ असते."

अब्बा पलंगावर डोळे मिटून पडले होते. त्यांनी विचारलं, "कुणाला माफ?"

भाऊ आता कुठे खाली बसला.

"म्हणजे मला कामावरून काढलं," अब्बा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊ मौलवीसाहेबांना घेऊन आला. त्यांच्या नाकावरचा चष्मा अब्बांनीच केलेला होता. अब्बांचं डोकं त्या दिवशी बरं चाललं होतं. ते उठून बसले.

"अक्कल आहे तोवर फर्ज, हे मला मान्य आहे. पण माझी अक्कल चाललीये, हे मला कळतंय. म्हणजे थोडी उरलीये ना?"

मौलवीसाहेबांना हसू आलं. "उरलीये."

"मग?"

"मग पढा."

"आणि आपा सांगते त्याचं काय?" भावानं विचारलं.

मौलवीसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "नियम आहे तोच आहे, मी तो बदलणार नाही. पण यांची कुठली नमाज स्वीकारायची, ते मी ठरवत नाही. जो ठरवणार आहे, त्याला या घरातली परिस्थिती माहीत आहे." मग ते तिच्याकडे वळले. "तुम्हाला जड जात नाही?"

"जातं कधीकधी. खोटं बोलल्यासारखं वाटतं. पण पढतात ते. मी फक्त आठवण करून देते."

त्यांनी मान डोलावली आणि चप्पल घालून निघाले. भावानं तो विषय पुन्हा काढला नाही.

तिनं लॅबमध्ये सकाळची पाळी मागून घेतली. दुपारनंतरची नमाज दोघं मिळून करू लागली. अब्बा खुर्चीवर, ती शेजारी स्टुलावर. आधी एखादा शब्द सांगावा लागायचा, मग ओळी, मग सगळंच. ती अर्धी ओळ म्हणायची, ते तिच्या मागून म्हणायचे. मधेच कुणी बेल वाजवली की तिला राग यायचा. या रागाचं तिलाच नवल वाटे. आपल्यात काही बदललंय का, हे तिनं स्वतःशी नीट तपासून पाहिलं. विश्वास तर सापडला नाही. त्या वेळात बेल वाजू नये, एवढंच सापडलं.

एका दुपारी नमाज संपली, अब्बांनी दोन्ही खांद्यांकडे वळून सलाम केला आणि तसेच तिच्याकडे पाहत राहिले. परक्या माणसाकडे अदबीनं पाहावं तसे.

"बाई, तुम्ही रोज येता का?"

"हो. रोज येते."

"छान म्हणता. इमान पक्कं दिसतंय तुमचं."

ती स्टूल सरकवून त्यांच्यासमोर बसली.

"मला एक मुलगी आहे," अब्बा म्हणाले. "हुशार आहे. तिला हे पटत नाही."

"रागावता तिच्यावर?"

"छे. खोटं बोलत नाही ती. पण मला आता दुआचे शब्द जुळत नाहीत. तिच्यासाठी तुम्ही कराल का?"

"काय मागू?"

अब्बांनी बराच वेळ विचार केला. "तिला एकटं वाटू नये. बाकी तिचं ती बघेल."

"करते," ती म्हणाली.

अब्बांनी दोन्ही तळवे छातीसमोर धरले आणि तिची वाट पाहत थांबले. तिनंही हात उचलले. कुणाकडे मागायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. खालून एक टेम्पो गेला, खिडकीचं तावदान थरथरलं. दुआ पुरी करून अब्बांनी तोंडावरून हात फिरवेपर्यंत तिनं आपले हात तसेच धरून ठेवले.