वजनाचा रकाना

"वहिनी, वजन?"

"अठ्ठावन्न," वहिनी म्हणाली आणि डब्यातलं तिसरं बिस्किट उचललं.

टेबलाभोवती हशा पिकला. यादी करणाऱ्या लिफ्टवाल्याने, तिच्या दिराने, मान वर न करता तिच्या नावापुढे त्र्याहत्तर लिहिलं.

एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. थंडीच्या सुरुवातीला एका रविवारी दुपारी सगळे त्याच्या स्वयंपाकघरात जमायचे. तो आणि त्याची बायको, थोरला भाऊ दादा आणि वहिनी, शेजारचे मास्तर आणि मास्तरीणबाई. सहा जणांनी आठवडाभर डोंगरात जाऊन बर्फावर स्की करायची, याचा बेत चार तास चालायचा आणि त्यातले तीन तास गेल्या वर्षी कोण कसं पडलं यावरच जायचे. दादाकडे गाडी, मास्तरांकडे खोल्या, बायकोकडे शिधा. यादी लिफ्टवाल्याकडे.

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाला प्रत्येकाचा बुटाचा नंबर, वय, उंची आणि वजन लागायचं. वजन बघून दुकानदार स्कीवरचा खटका घट्ट किंवा सैल करायचा. बूट त्या खटक्यात अडकवतात. माणूस पडला की तो सुटायला हवा. वजन कमी सांगितलं तर खटका भलत्या वेळी सुटतो. जास्त सांगितलं तर सुटतच नाही, आणि मग पाय मोडतो.

पहिल्या वर्षी वहिनीने असंच अठ्ठावन्न सांगितलं होतं. त्या आठवड्यात दर वळणावर तिची एक स्की तिला सोडून एकटीच खाली निघून जायची, आणि मास्तर तिच्यामागे धावायचे. तेव्हापासून वजनाचा रकाना लिफ्टवाला भरू लागला. तीस वर्षं तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत होता. माणसाने आत पाय ठेवला की लिफ्टचा पाळणा किती दबतो, यावरून तो वजन ओळखायचा. लोक खोटं सांगतात यावरून त्याने कधी वाद घातला नाही. तोंडाने 'बरं' म्हणायचं आणि हाताने खरं लिहायचं. मग यादी पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि वहिनीच्या हाती द्यायचं, कारण ते दुकान तिच्या शिवणकामाच्या दुकानाला लागूनच होतं. ते पाकीट तिने एकदाही उघडलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आणि तुझं रे?" दादाने विचारलं.

"तेच. अठ्ठ्याहत्तर."

लिहिताना त्याचा हात जराही अडखळला नाही. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातल्या काट्याने एकसष्ट दाखवलं होतं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या महिन्यात ऑपरेशन करू, येताना घरचं कोणीतरी सोबत आणा. तो "बरं" म्हणाला होता. तिथून सरळ कामावर गेला, एका सात मजली इमारतीच्या लिफ्टच्या दोराला ग्रीस लावलं आणि वेळेवर घरी आला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. राग नाही, भीती नाही, काहीच नाही. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात तसं सगळं अंगच झालं होतं.

त्याला फक्त डोंगरातला हा आठवडा हवा होता. घरी सांगितलं की डोंगर रद्द होणार, आणि हीच पाच माणसं त्याच्या खाटेभोवती अशीच कोंडाळं करून बसणार, फक्त कोणी हसणार नाही. तेवढं त्याला नको होतं. खटक्याचं गणित त्याला इतरांपेक्षा चांगलं कळत होतं. पडलो नाही म्हणजे झालं, असं त्याने स्वतःला सांगितलं. एकोणीस वर्षं तो दर दिवशी पडत आला होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "हा स्वेटर ह्यांचा का हो?"

"छे, माझाच. धुऊन धुऊन सैल झालाय."

"लोकर धुतली की आटते, भाऊजी."

ती हे हसतच म्हणाली. पण तिचे डोळे त्याच्या खांद्यावरच्या शिवणीवर होते. ती शिवण खांदा सोडून दंडावर उतरली होती.

"अगं, आटू दे नाहीतर फाटू दे," दादा म्हणाला. "गाडीच्या टपावर सामान किती मावणार ते बोला आधी. मास्तरीणबाईंची बॅग आहे का बंगला, ते दर वर्षी कळत नाही!"

मग बॅगेवरून भांडण जुंपलं आणि स्वेटर मागे पडला. निघताना लिफ्टवाल्याने पाकीट चिकटवून वहिनीकडे दिलं. ते तिने नेहमीसारखं पर्समध्ये टाकलं नाही. हातातच धरून जिना उतरली.

चौथ्या दिवशी, तो कामावरून आला तेव्हा टेबलावर दुकानाचा लिफाफा होता. सामान राखून ठेवल्याचा शिक्का मारून त्यांनी यादीची प्रत परत पाठवली होती. बायको नळाखाली भांडी विसळत होती. त्याने उभ्या उभ्याच यादी उघडली.

त्याच्या नावापुढचे अठ्ठ्याहत्तर एका सरळ रेघेने खोडले होते. वर जाड पेन्सिलीने बासष्ट लिहिलं होतं. कापडावर खुणा करायची ती पेन्सिल त्याने वहिनीच्या कानामागे कितीदा पाहिली होती. एका किलोने चुकली होती बिचारी.

त्याने खाली पाहिलं. वहिनीच्या स्वतःच्या नावापुढचे त्र्याहत्तरही खोडलेले होते. तिथे त्याच पेन्सिलीने, त्याच अक्षरात लिहिलं होतं, पंचाहत्तर.

बाकी काही लिहिलेलं नव्हतं. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. चार दिवसांत तिचा फोन आला नव्हता, दादाचाही नाही. यादीत सहाच्या सहा नावं जिथल्या तिथे होती.

लिफ्टवाला खुर्चीवर बसला. पंचाहत्तर वाचून त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याला भीती वाटली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच वाटली.

"अगं, दाभण आहे का घरात?"

"असेल की. कशाला?"

"पट्ट्याला भोकं पाडायचीत."

"भोकं? किती?"

त्याने स्वेटर वर केला. शेवटच्या भोकात अडकवूनही पट्टा सैल होता. आत दुमडलेली पँट, दुमडीवर खोचलेला शर्ट, सगळं उघडं पडलं.

"चार," तो म्हणाला. "बस जरा. तुला एक सांगायचंय."

बायकोने नळ बंद केला. हात पुसले. कपाटातून दाभण शोधून आणलं आणि त्याच्या समोर बसली. सगळं सांगून झाल्यावर त्याने पट्टा काढून टेबलावर पसरला. तिने त्याचं एक टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं, आणि त्याने पहिल्या भोकाच्या जागी दाभण टेकवलं.