खालून पहिला आकडा

डाव्या खांद्यावर तान्ह्या मुलीला थोपटत तिनं उजव्या हाताच्या एका बोटानं लॅपटॉपवर ‘ओकली’ असं भरलं आणि शीटमधल्या वरच्या पिवळ्या चौकटीकडे पाहिलं. चौकटीत नव्वदच होतं. नव्वद मिली, सकाळी सातचं दूध. त्यानंतर मुलीनं दोनदा बाटली तोंडात धरली नव्हती, आणि आता हे. तिनं सगळं इमानेइतबारे लिहिलं होतं. चौकट आपली नव्वदावर अडून बसलेली.

संध्याकाळी नवरा परगावच्या कामावरून तेवढी चौकट बघणार आणि ‘छान’ लिहून मोकळा होणार.

तिनं फॉर्म्युला उघडून पाहिला. बाबांसाठी केला होता, तोच जसाच्या तसा इथं उचलून आणलेला. रकान्यात खालून वर जा, पहिला आकडा भेटेल तो दाखव. आकडाच. वाटेत शब्द लागले तर ओलांडून पुढे जा.

थोपटणारा हात थांबला.

आई गेल्यावर तिनं बाबांना साखरेची शीट करून दिली होती. रोज उपाशीपोटी बोट टोचायचं, आकडा भरायचा. ती इकडे मोबाइलवर पिवळी चौकट बघायची. एकशे अठरा. बरं आहे. मग मुलीच्या रामरगाड्यात फोन करायचा राहून जायचा. कालही एकशे अठरा, परवाही. बाबांचं पथ्य म्हणजे पथ्य, असं तिनं नवऱ्याला कौतुकानं ऐकवलंही होतं.

तिनं बाबांची शीट उघडून खाली सरकवली. एकशे अठरासमोरची तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती. त्याखाली सगळे शब्द.

बाबांची तीस वर्षं हवामान केंद्रात नोंदी घेण्यात गेली. तिथला शिरस्ता तिला लहानपणापासून पाठ होता: यंत्र बंद पडलं तरी रकाना मोकळा सोडायचा नाही, कारण लिहायचं.

‘मोजायच्या पट्ट्या संपल्या.’

‘पट्ट्या नाहीत. गुडघा धरलाय, जिना जमत नाही.’

‘चिमे, कुणाला पाठवता येईल का?’

‘पट्ट्या नाहीत. तू कामात असशील.’

पुढे सात दिवस ‘वरीलप्रमाणे’. आजच्या नोंदीत एवढंच जास्त: ‘आभाळ निरभ्र.’

तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

“बोल चिमे,” आवाज नेहमीचाच होता.

“बाबा, जेवताय काय तुम्ही?”

“शेजारीण डबा देते. मीठ तेवढं तिचं तिलाच ठाऊक.”

“फोन का नाही केलात?”

“नोंद केली की रोज. तू बघते म्हणाली होतीस. म्हटलं, बघितलं असेल, जमत नसेल.”

‘फॉर्म्युला चुकला’ हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. तिनं ते गिळलं.

“मी फक्त वरचा आकडा बघत होते, बाबा.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“एकशे अठरा?”

“हो.”

“चांगला होता तो,” बाबा म्हणाले.

“पट्ट्या आज पोचवते. शनिवारी हिला घेऊन मीच येते. गुडघाही दाखवू.”

“ये. पण आधी हिच्या कपाळाला हात लावून बघ. सातनंतर दोनदा दूध नाही, आता ओकली म्हणतेस.”

ती स्क्रीनकडे पाहत राहिली. मुलीची शीट केली तेव्हा तिनं ती बाबांनाही पाठवली होती. ते ती साफ विसरली होती.

“तुम्ही वाचता हे?”

“खालून वर, सगळं. मंगळवारी झोपेच्या रकान्यात तू लिहिलंस, ‘ती झोपली, मीच रडले’. तेव्हा फोन हातात घेतला होता. म्हटलं, डोळा लागला असेल तर उठवायला नको.”

तिनं मुलीच्या कपाळावर तळहात ठेवला आणि जरा जास्तच वेळ तिथे राहू दिला.

“गार आहे.”

“मग लिही तसं.”

तिनं एका बोटानं लिहिलं, ‘कपाळ गार.’ वरच्या चौकटीत नव्वदच राहिलं.

“दिसलं,” बाबा म्हणाले.