मुक्या राणीचं शेवटचं बोलणं

'काळ्या कड्याची राणी' या मालिकेच्या शेवटच्या सीझनमध्ये लेखकांनी राणीची वाचाच काढून घेतली. पहिल्याच भागात एक चेटकीण येते, फुंकर मारते आणि राणी मुकी. का? चेटकिणीला त्यातून काय मिळालं? विचारायचं नाही. इतकी वर्षं जिच्या जिभेवर मालिका चालली, तिची जीभ बांधून लेखक मोकळे झाले. आणि तो उडणारा अजस्र पशू, ज्याच्यासाठी माणसं हातातलं काम टाकून बसत, त्याला आजारी पाडून सीझनभर घोंगडीखाली निजवला. घोंगडी हलते तेवढी बघायची. त्यांचे पैसे संपले होते म्हणे. अक्कल कधी संपली ते कुणी सांगितलं नाही.

संताप सगळ्यांचाच झाला, पण एका बाईचा जास्त झाला. राणीचा आपल्या भाषेतला आवाज तिचा होता. पडद्यावरचे ओठ परक्या नटीचे, शब्द हिचे.

घरी तिची सत्ता शेगडीपुरती. तिनं वाक्य सुरू केलं की नवरा 'बरं बरं' म्हणून ते मध्येच तोडायचा आणि सासूबाई त्याला आपलं शेपूट जोडायच्या. रविवारी दुपारी मात्र राणी बोलायला लागली, की त्याच सासूबाई पंखासुद्धा बंद करायला लावायच्या. त्यांनी ती मालिका घरचीच करून टाकली होती. राणीच्या नवऱ्याला कड्यावरून ढकलून गादी बळकावणारा तिचा धाकटा दीर, त्याला त्या नुसतं 'तो मेला' म्हणत. राणी शेवटी त्या मेल्याला काय सुनावते, एवढं त्यांना ऐकायचं होतं. आणि सुनेला ते त्यांच्यासमोर सुनावायचं होतं. आयुष्यात एकदा तरी या घरात आपण बोलावं आणि सगळ्यांनी गप्प बसून ऐकावं, एवढीच तिची हाव.

राणी मुकी झाली त्या दुपारी सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि त्या सुनेकडे वळल्या.

"तू काहीतरी बोलली असशील तिथे."

"कुठे?"

"कामावर. तोंड फटकळ आहे तुझं. म्हणून बोलणं कापलं तुझं."

"अहो आई, मालिका ते लोक तिकडे लिहितात. मी इथे नुसती..."

"माफी माग त्यांची. बाईनं थोडं नमतं घेतलं तर काही बिघडत नाही."

"बरं बरं," नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुढचे भाग ती स्टुडिओत नुसती श्वास घ्यायला जात होती. काचेपलीकडून डबिंगचे साहेब सांगायचे, "मॅडम, हा श्वास जरा दुःखी हवा." मग दुःखी श्वास. "आता हा जरा राजेशाही." मग राजेशाही. साहेब माणूस वाईट नव्हता. नव्या मालिकेत मुख्य भूमिकेचा आवाज तुमचाच, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

शेवटचा भाग आला. राणी दिरासमोर उभी. तो मेला गुडघे टेकून रडतो. दोन अश्रू, तेही एकाच डोळ्यातून. एवढ्यावर राणी मान हलवते, मुकुट काढून त्याच्या हातात देते, पाठ फिरवते आणि कड्याच्या टोकाकडे चालत जाते. खांदे हलतात. संपलं.

"काय मूर्खपणा आहे हा," ती माइकसमोरच म्हणाली.

"मूर्खपणाचेच पैसे मिळतात, मॅडम. पाठमोऱ्या शॉटला हुंदके द्या, मी जेवून येतो," म्हणून साहेब गेले.

आत राहिले दोघं, ती आणि आवाज मुद्रित करणारा, ज्याला सगळे कानसेन म्हणत. कानसेन या मालिकेचा असा वेडा, की त्या पशूचं चित्र त्याच्या डब्यावरही होतं. घोंगडीचा भाग आल्यापासून तो डबा कागदात गुंडाळून आणायचा.

डबिंगमध्ये सगळी गुलामी ओठांची. ओठ मिटले की आपण गप्प, उघडले की आपण बोलायचं. पण नटीनं पाठ फिरवली, की ओठ दिसत नाहीत, मग तिच्या तोंडी काहीही घालता येतं. हे डबिंगवाल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. राणी कड्याकडे निघाली, खांदे हलायला लागले, लाल दिवा लागला. हुंदका यायला हवा होता. आला तो वेगळाच ऐवज.

"भाऊजी, रडून दाखवू नका. माझा माणूस मारलात तुम्ही. आणि मुकुट मी दिलेला नाही. डोकं दुखतं म्हणून उतरवून ठेवलाय. परत येईन तेव्हा जागेवर दिसला पाहिजे."

कानसेननं तो तुकडा मागे नेऊन पुन्हा एकदा ऐकला. मग म्हणाला, "ताई, बरोब्बर बसलं. खांद्यांच्या हलण्यावर शब्द न् शब्द बसला. ठेवू का पुसू?"

"साहेब ऐकतील ना."

"साहेब जेवून आले की डोळे मिटून ऐकतात. सगळंच."

तिला नवी मालिका दिसली, साहेबांचा चेहरा दिसला. मग पंखा बंद करून बसलेल्या सासूबाई दिसल्या.

"ठेव," ती म्हणाली.

रविवारी सासूबाईंनी अख्खी इमारत गोळा केली. खुर्च्या पुरेनात म्हणून दोघं जण धुण्याच्या मशीनवर बसले. दीर रडला तेव्हा शिव्या झाल्या, मुकुट दिला तेव्हा एक बाई चक्क उठून चालू लागली. राणीनं पाठ फिरवली. आणि मुकी राणी बोलली.

'भाऊजी' ऐकल्याबरोबर खोली गार झाली. राणीनं आजवर त्याला 'राजद्रोह्या' याखेरीज हाक मारली नव्हती. निघालेली बाई दारातच थांबली. 'जागेवर दिसला पाहिजे' झालं आणि मशीनवरचे दोघं टाळ्या वाजवायच्या नादात एकमेकांवर पडले.

वरच्या मजल्यावरचा चष्मेवाला, जो मालिका मूळ भाषेत आधीच बघून यायचा आणि सगळ्यांची चव घालवायचा, तो म्हणाला, "हे चूक आहे. मूळ मालिकेत ती बोलतच नाही. तिला शाप आहे."

"सुटला," सासूबाई म्हणाल्या.

"कधी?"

"आत्ता. पाठ फिरवली तेव्हा."

"पण कसा?"

"लागला कसा ते विचारलं होतंस का तेव्हा? बस खाली."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पंखा लावायला सांगितला. घाम त्यांना आला होता.

सोमवारी साहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. "लोक खूश आहेत, कंपनी नाही. उद्या या, तो शॉट पुन्हा करू. साधे हुंदके. झालं गेलं विसरून जाऊ."

ती गेली. माइकसमोर उभी राहिली, लाल दिवा लागला. तिनं खरंच प्रयत्न केला. पण त्या मेल्यापुढे रडणं काही केल्या घशातून वर येईना.

"साहेब, राजेशाही श्वास हवेत तेवढे घ्या," ती म्हणाली. "हुंदका नाही होणार."

"मग नवी मालिकाही नाही होणार, मॅडम."

"बरं," ती म्हणाली आणि पर्स उचलली. कानसेननं मान वर केली नाही, फक्त तिच्यासाठी दार उघडून धरलं.

पुढच्या आठवड्यात त्या भागाचं पुनःप्रसारण झालं. राणीनं पाठ फिरवली आणि हुंदके आले. गोड, नाकातले, कुणा दुसरीचेच. सासूबाई सरळ होऊन बसल्या.

"ही कोण रडतेय आपल्या राणीच्या अंगात?"

सुनेनं सगळं सांगितलं. पाठमोरा शॉट, साहेब, गेलेली मालिका. सांगायला वेळ लागला, कारण नवरा 'बरं बरं' म्हणेल म्हणून ती दर वाक्याला थांबत होती आणि तो म्हणतच नव्हता.

"म्हणजे ते तूच बोललीस," सासूबाई म्हणाल्या. "मनानं."

"हो."

"बराच वेळ लावलास."

सध्या तिचा आवाज एका दवाखान्याच्या लिफ्टमधून मजले सांगतो. गुडघा दाखवायच्या निमित्तानं सासूबाई दोनदा जाऊन आल्या. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्याला एवढं नरम कशाला बोलतेस? तिथे तर हाडांचे डॉक्टर बसतात. जरा जरबेनं सांग त्यांना."