चोपन्नचं खोकं

टेंभुर्णीच्या शाळेत शिकवणाऱ्या शिवकन्याबाईंची धाकटी बहीण बेबीनंदा जन्माची बहिरी. ती लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून दोघी दर रविवारी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसून हातांनी बोलायच्या. पण तिकडे पुण्याच्या पडद्यावर बाईंचे हात मध्येच थिजायचे.

दोन हजार नऊ साली जाफराबादच्या दुकानदार मच्छिंद्रनं त्यावर इलाज सांगितला. "वायफायचं खोकं बदला, बाई. हे नवं घ्या, चोपन्न एमबीपीएसचं, लई स्पीडचं हाय. बिलकुल अडकणार न्हाई."

बाईंनी खोकं घेतलं. त्याच रविवारी बेबीनंदानं विचारलं, "बाळंतपणाला येऊ का?" बाईंनी दोन्ही हात पसरून "ये" म्हटलं. तिकडे दिसला तो थिजलेला चेहरा आणि मांडीवरचे हात. बेबीनंदानं कॅमेरा बंद केला. दोन दिवसांनी तिच्या नवऱ्याचा, संपतचा मेसेज आला: 'बेबीनंदा म्हणते, ताईला मी नको झाले.'

आपलं "ये" तिकडे पोचलंच नाही, हे बाईंच्या ध्यानात आलं. इंटरनेट टेलिफोनच्या लाइनवरून यायचं, म्हणून त्यांनी लाइनमनला, कडूबाला बोलावलं. त्यानं वायफाय सोडून कॉम्प्युटर खोक्याला वायरनं जोडला, तरी तेच.

"वायफायचा दोष न्हाई, बाई. चोपन्न म्हंजे खोक्यापासून कॉम्प्युटरपोतर, घरातल्या घरात. बाहेरची लाइन तुमच्या प्लॅनपरमानं. येणाऱ्या चित्राला पाचशे बारा केबीपीएस, म्हंजे अर्धाच एमबीपीएस; जाणाऱ्याला निस्ते एकशे अठ्ठावीस केबीपीएस. तुमचे हात जाणाऱ्या वाटेनं जातेत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकं मच्छिंद्रच्या काउंटरवर आदळलं.

"म्या काय खोटं बोल्लो?" तो म्हणाला. "छापलंय की वर."

"माझी लाइन केवढी, हे विचारलंस का तू?"

"समदेच घेऊन राह्यलेत, बाई. कुणी तक्रार न्हाई केली."

"सगळ्यांच्या बहिणी हातांनी बोलत नाहीत! खोक्यानं बाहेरची लाइन वाढत नाही, हे माहीत होतं ना तुला? खरं सांग!"

गिऱ्हाइकं बघायला लागली. मच्छिंद्रनं खोकं मागं घेतलं.

जाणारी वाट रुंद असलेला प्लॅन मिळायला आठवडा लागला. मग संपतनं बायकोला कसंबसं कॅमेऱ्यासमोर बसवलं. तिचे हात कुऱ्हाडीसारखे चालायला लागले. "माझ्याकडं नुसती बघत का बसलीस?"

"ये म्हणाले होते!" बाईंचेही हात तितक्याच रागानं उठले. "लाइननं पोचवलं नाही! पुन्हा एकदा विचारता येत नव्हतं? एवढंच ओळखलंस मला?"

अर्धा तास दोघी भांडल्या. शेवटी बेबीनंदानं सातव्या महिन्यात येते म्हणून सांगितलं, तेही फणकाऱ्यानंच.