श्रीमती सिद्धेश्वरीताईंची ओटी

नवी पेठेमागच्या आमच्या मारुतीच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह होता. कीर्तनकार बाईंची ओटी भरायचा मान यंदा माझा. खण, तांदूळ, नारळ, सगळं ताटात लावून मी पुढंच बसले होते. सासूबाईंचे गुडघे धरलेले. घरी जाऊन त्यांना आख्यान सांगायचं, हा माझा रोजचा नेम.

सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या नंदीशनं माईकवर पुकारलं, "मंगळवेढ्याच्या श्रीमती सिद्धेश्वरीताई!" तोच शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांनी मला चिमटा काढला.

"ऐकलंस? श्रीमती म्हणाला. सौभाग्यवती न्हाय."

"आता सगळ्यांनाच म्हणतात की, अक्का."

"बँकेत म्हणतात. देवळात कोण म्हणतंय? मालक गेलेले असणार. ओटी भरू नको, नुसता नारळ हातात दे."

झालं! बाईंचा गळा असा, की टाळकरीसुद्धा डोलायला लागले. आणि मी त्यांचं मंगळसूत्र शोधत बसले. गळ्यात झेंडूचा हार आडवा. कपाळावर बुक्का एवढा, की खाली कुंकू आहे का नाही, कळेना. बांगड्या होत्या, पण काचेच्या का धातूच्या? मध्येच त्यांनी पदर सारखा केला.

"लपवतीय बघ," अक्का कुजबुजल्या.

आरती झाली. ताट घेऊन उठले, तर अक्कांनी मागून पदर ओढला. "आधी विचार!"

बाई घामानं निथळत होत्या. इतका वेळ देवाचं गायलेल्या त्या तोंडाला काय विचारायचं?

"ताई, पदर पसरा," म्हणाले, आणि ओटी भरली.

"अगं, विचारलंस का?" अक्का मोठ्यानं बोलून बसल्या.

ताई हसल्या. पेटी आवरणाऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, "अहो, ह्या अक्का तुमची चौकशी करतायत."

त्यांनी हात जोडले. "हाय की. अजून हाय."

"अय्यो! मग सौ. लावायचं की!"

"सौ. लावलं, की बायका मालकांना हुडकतात. श्रीमती लावलं, की मारूनच टाकतात. आणि खरंच नसते, अक्का, तर माझं कीर्तन गोड लागलं नसतं व्हय?"

अक्कांनी ताईंच्या ओटीतला नारळ उगाच सारखा केला.

घरी पोचले, तर सासूबाई उशाला टेकून वाट बघत होत्या. "उत्तररंगाला कुठलं आख्यान लावलं गं?"

मी आठवून बघितलं, पण आख्यान काही आठवेना.

"बांगड्या काचेच्याच होत्या, आत्याबाई," म्हणाले. "हिरव्या."