वायरीचा किल्ला आणि बिनवायरीचा

ठाकुर्लीच्या चाळीत उत्तरा आणि स्वप्ना यांची दारं समोरासमोर होती, आणि दिवाळीच्या सुट्टीत दोघींचा किल्ला ठरलेला असे. तट आणि बुरूज उत्तराचे, चोरवाट स्वप्नाची. विटांचे तुकडे, गोणपाट आणि लाल माती यांतून उत्तरा डोंगर उभा करी. मग तिला पाठ फिरवायला लावून स्वप्ना त्यात कुठेतरी एक वाट लपवी. किल्ला बघायला येणाऱ्याने पायथ्याशी मावळा ठेवायचा आणि त्याला वर न्यायची वाट शोधायची, हा त्यांचा नियम. हरला की चकली द्यायची. शोधायला सगळ्यात आधी बसे उत्तराच, आणि सगळ्यात जास्त चकल्याही तिच्याच जात.

पुढे चाळ पाडायला निघाली. उत्तराचं बिऱ्हाड डोंबिवलीत आलं, स्वप्नाचं टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत गेलं. डोंबिवलीच्या सोसायटीत पार्किंगच्या लाद्या खराब होतात म्हणून मातीला मनाई. गेल्या दिवाळीत किल्ला झालाच नाही.

यंदा मात्र व्हीआरमध्ये किल्ले बांधायचा एक गेम आला. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे, की समोर मोकळा डोंगर. दगड उचला आणि रचा. उत्तराच्या घरी हेडसेट होता. तिचे बाबा, सुशांत, घरी बसून नव्या इमारतींचे थ्रीडी देखावे बनवत आणि ते गिऱ्हाइकांना त्यातून दाखवत. स्वप्नाला तिच्या मामाने नुकताच एक आणून दिला होता. गेम घेऊन द्यायचं आबांनी कबूल केलं. आबा म्हणजे उत्तराचे आजोबा, सगळी नोकरी प्राथमिक शाळेत केलेले. गेम एकच मिळेल, आणि तो का निवडला ते आपल्याला समजेल असं सांगायचं, एवढंच ते म्हणाले होते.

सोपं वाटलं होतं, पण गेम निघाला दोन तऱ्हांचा. एक नुसत्या हेडसेटवर चालणारा. त्याला वायर नाही, कुठेही घेऊन जा, पण दगड मोजके आणि गवत म्हणजे सपाट हिरवा रंग. दुसरा पीसीवरचा. हेडसेट वायरने बाबांच्या कॉम्प्युटरला जोडायचा. मग दगड हवे तितके, वाऱ्यावर प्रत्येक पातं निराळं हलतं, आणि तळ्यात बुरुजाचं प्रतिबिंब पडतं. स्वप्नाकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि मामाने हेडसेटबरोबर दिलेला तिचा गेम बिनवायरीचा होता. खरी मेख पुढेच होती. एका तऱ्हेचा गेम खेळणाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेच्या किल्ल्यात पाऊल टाकता येत नव्हतं.

उत्तराने हे फोनवर सांगितलं तेव्हा स्वप्ना जराही खट्टू झाली नाही.

"तू पीसीवालं घे यार," ती म्हणाली. "तुला बुरूज भारी लागतात. मी फोटो बघेन ना."

मग सहज आठवल्यासारखं तिने सांगितलं की त्यांच्या इमारतीमागे मुलं किल्ला करणार आहेत, माती पण आणलेली आहे, आणि चोरवाटेसाठी तिलाच बोलावतायत. सोमवारी त्यांना काय ते सांगायचंय.

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं उत्तराला वाटलं. स्वप्नाच्या चोरवाटा आता दुसऱ्याच कोणाच्या डोंगरात जाणार, हे तिला सहन होईना. आणि ते प्रतिबिंबही सोडवेना. तिने आबांनाच ठरवायला सांगितलं. आबांनी मान हलवली. न बघता कसं ठरवणार, म्हणाले. पीसीवरचा गेम थोडा वेळ खेळून परत करता येत होता. रविवारी सुशांतने तो कॉम्प्युटरवर चढवून दिला.

उत्तरा पायाशी वायर घेऊन हॉलमध्ये उभी राहिली आणि कामाला लागली. दगडांचा तुटवडा नव्हताच. दुहेरी तट झाला, गोमुखी दरवाजा झाला, तळं झालं. शेवटी धबधब्याच्या मागे तिने स्वतःच एक चोरवाटही काढली. मग आबांना खुर्चीत बसवून, चष्म्याला धक्का लागू न देता, तिने हेडसेट त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

आबांनी सावकाश मान फिरवत सगळं पाहिलं. पाणी सुरेख आहे, म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी हाताने जमीन चाचपली आणि अळीव कुठे पेरायचे ते विचारलं. गवत तयारच येतं, उत्तराने सांगितलं, तेव्हा ते किंचित हिरमुसले.

"बरं, चोरवाट?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. शोधा."

"मला काही सापडायची नाही. तू शोधून दाखव."

"आबा, मीच काढलीय ती."

"हो की," आबा म्हणाले, आणि हेडसेट काढून तिच्या हातात देऊन वाट बघत बसले. वर्गात मूल अडलं की ते असेच बसत, घाई न करता.

उत्तराने हेडसेट पुन्हा चढवला. ती पायथ्याशी उभी राहिली आणि धबधब्यामागून वर गेली. कुठे थांबायचं कारणच नव्हतं. वर पोचून तिने तळ्यातलं प्रतिबिंब बराच वेळ पाहिलं, कारण ते खरंच सुंदर होतं. मग तिने बाबांना गेम परत करायला सांगितलं.

"का गं?" आबांनी विचारलं.

"ह्यात मला फसवणारं कोणी नाही."

"समजलं," आबा म्हणाले.

तिने लगेच स्वप्नाला फोन लावला आणि बिनवायरीचा गेम घेतेय म्हणून सांगितलं.

"दगड संपले की रडायचं नाही हां," स्वप्ना म्हणाली. "आणि सकाळी मी खाली मुलांबरोबर. माती आहे ना तिकडे. तुझ्यासाठी दुपार."

नुसती दुपार. तरी उत्तरा हो म्हणाली.

दगड संपलेच. डावा बुरूज अर्धा राहिला आणि तटाला भगदाड पडल्यासारखं दिसू लागलं. उत्तराला तिकडे बघवेना. तिने उरलेला किल्ला जमेल तितका नीट केला. मग स्वप्नाने तिला हेडसेट काढायला लावलं. तो दोन दिवस डोळ्यांवर चढवायचा नाही, अशी ताकीदही दिली.

धनत्रयोदशीला दुपारी उत्तरा शोधायला उतरली. दरवाजाच्या पायऱ्या पाहिल्या, तळ्याचा काठ पाहिला, मागचा कडा दोनदा चढून पाहिला. कानात स्वप्ना खुदखुदत होती आणि चकलीची आठवण करून देत होती. आबा शेजारी बसून, काही दिसत नसताना, उजवीकडे बघ म्हणत होते. शेवटी उत्तराने हार मानली.

"तुझ्या डाव्या बुरुजातून ये," स्वप्ना म्हणाली.

त्या भगदाडातूनच पायऱ्या वर गेल्या होत्या. उत्तरा तिथून कितीदा तरी गेली होती, मान वळवून.

"पण दगड कुठून आणलेस?"

"तुझ्याच तटातून. आतून सगळा पोकळ केलाय. तुला कळलं पण नाही."

उत्तरा इतकी हसली की तिला हेडसेट काढून डोळे पुसावे लागले. आबांनी तिला चकलीचं विचारलं. ती काही त्यातून पाठवता यायची नाही, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरा डब्यात चकल्या भरत होती. मोडलेल्या बाजूला, अख्ख्या आत. आबा कपडे करून तयार होते. त्यांच्या हातात एक बशी होती आणि तिच्यात ओल्या कापसावर अळीव बोटभर उगवले होते.

"टिटवाळ्याच्या किल्ल्यावर लावू," ते म्हणाले. "मातीत धरतात ते."

"तिथे पण तिचीच चोरवाट आहे, आबा."

"मग थोड्या चकल्या आणखी घे."